दोन चुली, एक संसार: लक्ष्मीबाई आणि टिळकांनी भांडण कसं निभावलं

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. अडखळणं, खोकणं आणि मागच्या रिक्षाचा हॉर्न काढलाय, बाकी बोललो तसंच आहे.)

नांदेडहून बोलतोय. काय करायलाव? बसमध्ये असाल, होस्टेलवर असाल, नाहीतर कोड बिल्ड व्हायची वाट बघत बसला असाल. आजचा भाग थोडा निवांत ऐका, कारण विषय घरातला आहे.

आपण इथे एरवी निजाम, रझाकार, मुक्तिसंग्राम, किल्ले असं बोलतो. पण इतिहास काय फक्त तहात आणि लढाईतच असतो का? नवरा-बायकोचं भांडण झालं की ते दोघं मिळून त्यातून बाहेर कसे आले, हासुद्धा इतिहासच आहे. फक्त त्याची कागदपत्रं सापडत नाहीत. लढाईची बखर होते, जमिनीचा सातबारा होतो, पण रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात दोन माणसं हळू आवाजात काय बोलली याची नोंद कोण ठेवतो?

आणि आपल्याकडे तर ते बोलणं दोघांत राहतच नाही. नांदेड असो, लातूर असो, उदगीर, अहमदपूर, देगलूर, कुठंही जा. जोडप्याचं बिनसलं की पहिलं काय होतं? बैठक. मुलीकडचे मामा, मुलाकडचे काका, सोयरीक जुळवणारा मध्यस्थ, गावातला एक जाणता माणूस, आणि चहा. दोन तास सगळे बोलतात. ज्यांचं भांडण आहे ते दोघं मात्र एक सतरंजीच्या टोकाला आणि एक आतल्या खोलीत. शेवटी 'जाऊ द्या, झालं गेलं विसरा' असं ठरतं. कोण काय विसरायचं, हे कुणीच सांगत नाही.

आता आपल्या पिढीत आणखी एक भर पडलीय. नवरा पुण्यात हिंजवडीला, बायको लातूरला शाळेवर किंवा बँकेत. दोघांच्या मध्ये रात्रीची ट्रेन आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन निळ्या टिका. टिका निळ्या झाल्या आणि उत्तर आलं नाही, की तेवढ्यावर आठवडा जातो.

म्हणून मी शोधायला लागलो. आपल्या मराठी इतिहासात असं एखादं जोडपं आहे का, की ज्यांचं भांडण खरोखर मोठं होतं, ज्यांनी बैठक न बसवता ते आपसात सोडवलं, आणि ज्याची नोंद आपल्यापर्यंत आली? आहे. आणि नोंद बायकोने ठेवलीय.

आधी माणसं कोण ते सांगतो

लक्ष्मीबाई टिळक आणि नारायण वामन टिळक. थांबा, हे लोकमान्य नव्हेत. हे दुसरे टिळक, रेव्हरंड टिळक. शाळेत ज्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकवतात ते. जन्म ६ डिसेंबर १८६१, गाव करजगाव, रत्नागिरी जिल्हा. वडील तापट आणि संशयी. आईला कवितेची आवड, आणि ती आवड वडिलांच्या डोळ्यात खुपायची. आई गेल्यावर नारायणने घर सोडलं आणि नाशिक गाठलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखल्यांच्या घरात. त्यांच्या घरात सोवळं-ओवळं इतकं कडक की वडिलांच्या सोवळ्यापुढे घरातली सगळी माणसं हैराण. शिवाशिव, पाणी, धुणं, यात बायकांचा अख्खा दिवस जायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८० मध्ये लग्न झालं. मुलगी अकरा-बारा वर्षांची, मुलगा अठराचा. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे. त्यात रोमँटिक काही नव्हतं, तसं आपण भासवूही नये.

संसार कसा होता? टिळक हुशार, भाबडे, उदार आणि भयंकर लहरी. हातात पैसा टिकत नाही. दारात कुणी आला, गरज सांगितली, की खिसा रिकामा. नोकरी धरायची, सोडायची, न सांगता कुठेतरी निघून जायचं. बायको घरी वाट बघतेय हे डोक्यातच नाही. राग आला की एकदम भडकणार, उतरला की लहान मुलासारखे. आणि लक्ष्मीबाई? त्या गप्प बसून सोसणाऱ्यातल्या नव्हत्या. जिभेला धार, डोकं व्यवहारी आणि विनोद उपजत. टिळकांनीच त्यांना लिहा-वाचायला शिकवलं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे. १९३४ पासून ते चार भागांत आलं, शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर. अजून वाचलं नसेल तर वाचा, भाषा अगदी घरात बोलल्यासारखी आहे. एक बारकी गोष्ट बघा. आपल्याकडे आजही कित्येक घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, 'अहो', 'आमचे हे', 'बाळूचे पप्पा' असं चालतं. लक्ष्मीबाई अख्ख्या पुस्तकात नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. टिळक आले, टिळक गेले, टिळक चिडले. त्या एका शब्दात आदर आहे, अंतरही आहे, आणि थोडी गंमतसुद्धा.

१० फेब्रुवारी १८९५

आता मुख्य भांडण. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने त्यांच्या हातात 'नवा करार' ठेवला. टिळक वाचत गेले, विचार करत गेले, मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला. दोन वर्षं हे मनात चाललं. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा तिथे नव्हत्या. बातमी त्यांना इतरांकडून कळली.

जरा कल्पना करा. लग्नाला पंधरा वर्षं झालीत. वय सव्वीस-सत्तावीस. पदरात दत्तू, चार वर्षांचा. घर कडक सोवळ्याचं. आणि नवऱ्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घेतला तो बायकोला बाजूला ठेवून. प्रश्न फक्त धर्माचा नव्हता. तो धर्म बरा की हा, यावर विद्वान लोक वाद घालोत. बायकोसाठी प्रश्न वेगळा होता: याने मला विचारलं का नाही?

माझ्या मते इथे आजच्या कुठल्याही जोडप्याला ती जागा ओळखता येईल. परस्पर राजीनामा दिला, परस्पर कर्ज काढलं, परस्पर फ्लॅट बुक केला, आई-वडिलांना परस्पर शब्द दिला. निर्णय चांगला की वाईट हे नंतरचं. आधी तो 'परस्पर' शब्द टोचतो.

आणि समाज? नवरा जिवंत, पण जातीबाहेर. अशा बाईला कुठल्या खान्यात बसवायचं हेच लोकांना कळेना. लक्ष्मीबाईंची अवस्था त्या काळात वेड लागायची पाळी आल्यासारखी झाली होती. माहेरच्या, बहिणीच्या आधाराने त्या राहिल्या, काही काळ पंढरपुरात काढला. आणि याच दुःखात त्यांनी कविता करायला सुरुवात केली. नवरा कवी होताच. बायको कवी झाली ती विरहात.

कायदा कुणाच्या बाजूने होता?

इथे थोडं थांबून कायद्याकडे बघू, कारण त्याशिवाय या दोघांनी काय *केलं नाही* ते कळत नाही.

ब्रिटिश सरकारने १८६६ मध्ये एक कायदा केला होता, धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा. हिंदू नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली, आणि त्या कारणाने जोडीदाराने सहा महिने सोबत राहायला नकार दिला, तर धर्मांतर केलेल्या माणसाला कोर्टात जाता येत होतं. कोर्ट जोडीदाराला बोलावून विचारणार, एक वर्षाची मुदत देणार, आणि तरीही नकारच असेल तर लग्न मोडणार. मग दोघं दुसरं लग्न करायला मोकळे.

म्हणजे टिळकांना दरवाजा उघडा होता. सहा महिने, अर्ज, एक वर्ष, संपलं. शिवाय त्या काळी मुलावर पहिला हक्क बापाचा मानला जायचा. मनात आणलं असतं तर दत्तूसाठीही ते भांडू शकले असते. आपल्या भाषेत सांगायचं तर फोर्स पुश मारायची परवानगी त्यांच्या अकाउंटला होती. दोन ब्रांच वेगळ्या झाल्यात, कॉन्फ्लिक्ट आलाय, समोरच्याचा कोड पुसून आपला चढवायचा, काम झालं.

टिळकांनी तसं केलं नाही. दत्तू आईजवळच राहिला. कोर्टाची पायरी चढली नाही. पत्रं लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले, मधूनमधून भेटत राहिले. चार-साडेचार वर्षं.

आणि लक्ष्मीबाईंनीही दुसरा टोकाचा रस्ता घेतला नाही. 'आमच्यासाठी तो मेला' म्हणून विषय बंद करणं त्या काळात सोपं होतं, आजूबाजूचे टाळ्याच वाजवणार होते. त्यांनी राग धरला, दुःख केलं, पण दार लावून घेतलं नाही.

हे वाचताना मला सारखं वाटतं की त्या चार-साडेचार वर्षांत त्यांनी समस्या 'सोडवली' नाही. ती उघडी ठेवली. आपल्याला आज रात्रीच निकाल हवा असतो: तू माझ्या बाजूने आहेस की नाही, आत्ता सांग. त्यांनी निकाल मागितला नाही, आणि म्हणून निकाल नकारात गेला नाही.

वेगळी चूल, वेगळं पाणी

मग लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन टिळकांकडे अहमदनगरला गेल्या, आत्ताचं अहिल्यानगर. पण कशा गेल्या ते महत्त्वाचं. 'तुमचं सगळं मान्य' म्हणून नाही. आधी वेगळं बिऱ्हाड. नवऱ्यासोबत राहायला लागल्यावरही आपलं सोवळं आपल्याजवळ. वेगळी चूल, वेगळं पाणी. एका संसारात दोन स्वयंपाक.

आजच्या डोळ्यांनी बघितलं तर विचित्र वाटतं. नवऱ्याच्या हातचं पाणी चालत नाही, पण नवरा चालतो! सोवळ्यामागे जात आहे, आणि ती जात कुणाला तरी खालचं ठरवते, हे आपण विसरायचं कारण नाही. टिळकांना तर जातिभेद अजिबात मान्य नव्हता. तरी त्यांनी बायकोची चूल विस्कटली नाही.

आपल्याकडचा नेहमीचा हिशोब असा असतो की आधी एकमत, मग एकत्र राहणं. विचार जुळले तर संसार. या दोघांनी हिशोब उलटा केला. आधी एकत्र राहायची सोय लावली, मतभेद तसाच ठेवून. दोन चुली म्हणजे दोघांमधला करार होता: या रेषेपर्यंत तू, इथून पुढे मी, आणि रेष ओलांडायची असेल तर ज्याची त्याने आपल्या पायाने ओलांडायची.

आणि ती रेष लक्ष्मीबाईंनीच ओलांडली. एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: या जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांत त्याने काही खूण ठेवली असती. जन्म सारखा, मरण सारखं, शरीर सारखं. मग हे सगळं माणसाचंच काम. आणि त्यांनी ठरवलं, इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं. लहानपणी ज्या सोवळ्याने सगळं घर हैराण झालेलं पाहिलं, ते त्यांनी असं आपल्याच विचाराने खाली ठेवलं.

गंमत बघा, यात टिळकांचं व्याख्यान कुठेच नाही. पंडित नवरा, वक्ता, कवी. त्याने वाद जिंकला असता तर ती हरली असती. हरलेलं माणूस संधी मिळाली की परत भांडतं. लक्ष्मीबाई हरल्या नाहीत. आधी जात सुटली, मग पुढे १९०० मध्ये त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून पाचव्या मिनिटाला घेतला असता तर ती आज्ञा झाली असती. पाच वर्षांनी घेतला, तो निर्णय झाला.

धर्म कुणी कुठला घ्यावा हा आपला विषय नाही. मुद्दा वेळेचा आहे. एका माणसाला एका जागी पोचायला दोन वर्षं लागली, तेही ट्रेनमध्ये, पुस्तकात, पत्रात. दुसऱ्याला तिथे पोचायला किंवा न पोचायला तेवढाच वेळ मिळायला हवा की नको? टिळकांनी आधी तो दिला नाही. नंतर दिला.

सगळ्यांचं असंच झालं नाही

आता कुणी म्हणेल, दादा, तुम्ही तर गोड गोष्ट सांगायलाव. म्हणून त्याच काळातल्या आणखी दोन जोड्या सांगतो, पटकन.

पहिली रखमाबाई आणि दादाजी भिकाजी, मुंबईचे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे जायला नकार दिला. दादाजीने १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला, बायको नांदायला पाठवा म्हणून. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपील झालं, प्रकरण फिरलं, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला आयुष्यभर काम केलं.

इथे 'दोघांनी समजुतीने घ्यायला हवं होतं' असं म्हणणं चूक आहे. कधीकधी प्रश्नाचं उत्तर वेगळं होणं हेच असतं. 'नाही' म्हणणाऱ्याला तुरुंगाची भीती घालून संसार उभा राहत नाही.

दुसरी जोडी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई. १८७३ मध्ये लग्न झालं, ते एकतीस वर्षांचे, त्या अकराच्या आसपास. रानडे सुधारक, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. लोकांना वाटत होतं की स्वतः विधुर झालेत तर विधवेशीच लग्न करतील. वडिलांच्या दबावापुढे ते झालं नाही. पण त्यांनी रमाबाईंना जिद्दीने शिकवलं. घरातल्या मोठ्या बायकांचा याला कडक विरोध, टोमणे रोजचे. रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त हे सगळं आहे.

त्यात रानड्यांच्या रागाची पद्धतही दिसते. आरडाओरडा नाही, हात उगारणं तर लांबच. बोलणं बंद. रमाबाई मनाविरुद्ध वागल्या तर ते गप्प व्हायचे, आणि त्या शांततेत रमाबाईंची रात्र जायची. शेवटी माफी मागणार कोण? रमाबाई.

हे मला मुद्दाम सांगायचंय. आपल्याकडे शांत नवऱ्याचं फार कौतुक असतं. 'आमचे हे कधी ओरडत नाहीत.' पण गप्प बसणं हेसुद्धा हत्यार असू शकतं, आणि ते चालवणारा माणूस भला, विद्वान, अख्ख्या देशाला हवाहवासा असू शकतो. आजच्या निळ्या टिकांची मूळ आवृत्ती म्हणा. टिळक भडकायचे, लक्ष्मीबाई उलट बोलायच्या, घरात आवाज व्हायचा. पण बोलणं चालू राहायचं. मला विचाराल तर रानड्यांच्या घरापेक्षा टिळकांच्या घरात बायकोला जागा जास्त होती.

मराठवाड्यातल्या बायकांचं काय?

तुम्ही विचाराल, हे सगळं नाशिक, नगर, पुणे, मुंबई. आपलं काय? १८९५ मध्ये नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात. राज्यकारभार उर्दूत. गावात मराठी शाळेचीच वानवा, तिथे बाईच्या हाती लेखणी कुठून येणार? त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांची 'स्मृतिचित्रे' लिहिली गेली नाहीत.

पण त्या गप्प होत्या असं नाही. पहाटे जात्यावर बसल्या की ओवी यायची. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'परी' या ऑनलाइन संग्रहात त्यांचे आवाज ऐकायला मिळतात, आपल्या परभणीकडच्या बायकांचेही. माहेर, भाऊ, लेक, सासू, सवत, नवरा, सगळं त्यात आहे.

पण एक फरक जाणवतो. त्या बाईचं ऐकणारं कोण? जातं. फार तर समोर बसून दळणारी जाऊ. नवऱ्याबद्दलचं दुःख नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, म्हणून ते दगडाला सांगितलं. लक्ष्मीबाईंनी तेच टिळकांना तोंडावर सांगितलं, पत्रातून सांगितलं, कवितेतून सांगितलं. शिक्षणाने आणखी काही दिलं असेल-नसेल, भांडणाचा पत्ता तरी बरोबर दिला.

आज गिरणी आली, जातं गेलं. त्याच्या जागी काय आलं? मैत्रिणींचा ग्रुप, आईला फोन, इन्स्टाची स्टोरी. मन मोकळं करायला ते हवंच. पण ज्याला सांगायचं त्यालाच सोडून सगळ्या जगाला सांगणं, हे आपण जात्यासोबत ठेवून दिलेलं नाही.

भांडण संपलं का?

नाही हो. टिळकांचं घर नंतर गोकुळ झालं. दुष्काळातली अनाथ मुलं, विद्यार्थी, कवी, कुणीही यायचं आणि राहायचं. बालकवी ठोंबरेसुद्धा नगरला त्यांच्याच घरी राहिले. टिळक माणसं घरी आणायचे, त्यांना जेवायला काय घालायचं हे लक्ष्मीबाईंनी बघायचं. खटके उडतच राहिले. मग १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हे आपलं नवं काम हाती घेतलं. म्हातारपणाच्या तोंडावर घरात ठरावीक पैसा नाही. या वेळी मात्र लक्ष्मीबाई सोबत होत्या. १८९५ आणि १९१७, दोन्ही वेळा टिळकांनी आयुष्याची दिशा बदलली. मधल्या बावीस वर्षांत दोघांनी जे कमावलं ते या एका फरकात दिसतं.

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. त्यांचं एक मोठं काम अर्धवट राहिलं होतं, 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य. सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या गोष्टीवरून संसार मोडायची वेळ आली होती, तिच्यावरचं नवऱ्याचं अपुरं पुस्तक बायकोने पुरं केलं. शाळेत एक दिवस न गेलेल्या बायकोने. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

मग आपण काय घ्यायचं?

हे सगळं गोड करून घेऊ नका. लक्ष्मीबाईंकडे पर्याय कमी होते. सोडून जायचं म्हटलं तर कुठे जाणार होत्या? परत जुळवून घेण्यात प्रेम किती आणि नाइलाज किती, हे मोजायचा काटा आपल्याकडे नाही. आज जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे 'लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं धीर धरला' हे उदाहरण कुणी तुमच्या तोंडावर फेकलं, तर त्याला सांगा की टिळकांनीही पाच वर्षं धीर धरला होता, आणि कायदा हातात असून वापरला नव्हता. धीर एकट्या बाईने धरायचा असेल तर तो धीर नव्हे, ती शिक्षा.

आपल्याकडे आता सोयी जास्त आहेत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने कोर्टावरच जबाबदारी टाकलीय की आधी समेटाचा प्रयत्न करा. तिथे समुपदेशक असतात. दोघांशी वेगवेगळं बोलतात, मग एकत्र. महाराष्ट्रात पहिलं कुटुंब न्यायालय १९८९ मध्ये पुण्यात झालं. आज नांदेडलाही आहे, लातूरलाही आहे. आणि परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी कायदा साधारण सहा महिने थांबायला लावतो. सगळं आधीच ठरलंय, परत जुळायची शक्यताच नाही अशा जोडप्यांना ती मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे १८६६ चा कायदा असो की आजचा, कायद्याला एक गोष्ट कळलीय: माणसाला वेळ द्यावा लागतो. आपल्या बैठकीला तेवढं कळत नाही. तिला दोन तासांत, चहा संपायच्या आत, मिटवून पाहिजे असतं.

माझ्यापुरतं मी या गोष्टीतून दोन चुलींचा विचार घेतलाय. दोघांचं सगळं जुळलंच पाहिजे ही अट काढून टाकली की श्वास घ्यायला जागा होते. तुझा देव, माझा नास्तिकपणा. तुझं नांदेड, माझं पुणे. तुझ्या आईचं म्हणणं, माझ्या आईचं म्हणणं. एकेका गोष्टीची चूल काही वर्षं वेगळी राहिली तरी चालतं. पत्रं चालू पाहिजेत. आणि दुसऱ्याची चूल विस्कटायची ताकद आपल्याकडे असेल, पगाराची, घराण्याची, आवाजाची, तर ती न वापरणं ही पहिली पायरी.

एवढंच. 'स्मृतिचित्रे' वाचनालयात मिळेल, नांदेड-लातूरच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकाच्या दुकानात मिळेल. दोघांनी मिळून वाचलं तर उत्तमच. एक पान तू, एक पान मी. भांडण होईल कदाचित, पण निदान ते दोघांत होईल.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.